आपल्या वाङ्मयातील मोहाचे चित्रण

उपवासकाळ जवळ आला म्हणजे आमच्या धर्मग्रामांतून तरुण मंडळी एखादी नाटिका बसवावयास घेतात आणि आमच्या समाजाच्या नियतकालिकांतून बोधकथा येऊ लागतात. या नाटिका पाहताना व या कथा वाचताना त्यांचा एक ठरलेला साचा आमच्या ध्यानात आला आहे. एक सुखी कुटुंब असते. घरातील कर्ता पुरुष कुसंगतीला लागतो. ही कुसंगत पहिल्याच प्रवेशात काळा चष्मा लावून, सिगारेट ओढीत येते, त्यामुळे ती कुसंगत आहे याविषयी प्रेक्षकांतील लहान मुलाच्याही मनात शंका राहत नाही. पुढे दारू, कर्ज, मारहाण या पायऱ्या क्रमाने येतात. शेवटच्या प्रवेशात आजारी मुलीच्या उशाशी पत्नी जपमाळ घेऊन बसलेली असते, देवळाची घंटा वाजते, गृहस्थ गुडघे टेकतो आणि पडदा पडतो.

या लेखनामागील हेतूविषयी आम्हांला शंका नाही. आमची तक्रार वाङ्मयीन आहे. परंतु तिचे परिणाम वाङ्मयापुरते राहत नाहीत. जी भगिनी दहा वर्षे रोज संध्याकाळी जपमाळ म्हणत आली आहे आणि जिच्या घरातील बाटली अद्याप सुटलेली नाही, ती ही नाटिका पाहून घरी काय घेऊन जाते? आपलीच श्रद्धा कुठेतरी उणी पडली, हेच ती घेऊन जाते. आणि जो तरुण मोहाची वाट पाहत असतो ती काळ्या चष्म्याची, त्याच्याकडे मोह जेव्हा सख्ख्या मामाच्या किंवा नोकरीच्या अर्जाच्या रूपाने येतो तेव्हा तो त्याला ओळखतच नाही. चित्र खोटे असेल तर बोध कितीही खरा असला तरी तो लागू पडत नाही. म्हणून मोहाचे चित्रण आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयात कसे झाले आहे आणि कसे व्हावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारासाठी मोजमाप बाहेरून आणण्याची गरज नाही. मोहाची कथा कशी सांगावी याचा नमुना शुभवर्तमानातच आहे आणि उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी दरवर्षी तो आपण ऐकतो. एका वर्षी मत्तयाच्या शब्दांत, एका वर्षी मार्काच्या, एका वर्षी लूकच्या. मार्क दोन वचनांत ही हकिकत सांगून पुढे जातो. मत्तय आणि लूक मात्र तीन मोह सविस्तर सांगतात; दोघांमध्ये शेवटच्या दोन मोहांचा क्रम तेवढा वेगळा आहे. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिची रचना आपल्या लक्षात येत नाही. ती एकदा परकेपणाने वाचून पाहावी.

चाळीस दिवसांच्या उपवासानंतर प्रभूला भूक लागली आहे, आणि परीक्षक त्याला भाकरी सुचवितो. भाकरीत वाईट काय आहे? हाच प्रभू पुढे पाच हजारांना भाकरी वाढतो आणि अखेरच्या भोजनात भाकरीच्या रूपाने स्वतःला देतो. दुसरा मोह येतो तो मंदिराच्या शिखरावर, म्हणजे त्या काळच्या सर्वांत पवित्र जागी, आणि परीक्षकाच्या तोंडी ९१ व्या स्तोत्रातील वचन असते. तिसऱ्या मोहात जगातील राज्यांचे वैभव देऊ केले जाते. परंतु मत्तयाच्याच शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित प्रभू एका डोंगरावर उभा राहून सांगतो की स्वर्गातील व पृथ्वीवरील सर्व अधिकार त्याला मिळालेला आहे. म्हणजे जे देऊ केले गेले त्यातील काहीच मुळात वाईट नव्हते, आणि अधिकार तर पुढे पित्याकडून त्याला मिळालाही. परीक्षकाने बदलू पाहिली ती वाट.

आता उत्तरे पाहावीत. प्रभू एकही नवे वाक्य रचीत नाही. तिन्ही उत्तरे अनुवाद या ग्रंथातील, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतील आहेत. इस्राएल लोकांनी चाळीस वर्षे अरण्यात काढली, ते भुकेले, कुरकुरले, पडले, आणि त्या अनुभवातून जे शिकले ते या अध्यायांत नोंदले गेले. प्रभू त्या आठवणीच्या आधारावर उभा राहतो. तो चमत्कार करीत नाही, शाप देत नाही, आपल्या मनोबलाचा उच्चारही करीत नाही. आणि शेवट? सैतान कायमचा पळाला असे लूक म्हणत नाही. योग्य संधी येईपर्यंत तो दूर झाला, असे तो नोंदवितो. येथे पडदा पडत नाही.

या वाचनातून मोहाच्या चित्रणाच्या तीन कसोट्या आमच्या हाती येतात. पहिली, जे देऊ केले जाते त्याचे खरे मोल लेखकाने मान्य केले आहे काय? दुसरी, मोहाला सामोरा जाणारा माणूस कशाच्या आधारावर उभा आहे, आणि तो एकटा आहे की त्याच्यामागे कोणाची तरी आठवण व सोबत आहे? तिसरी, शेवट सोपा करून टाकला आहे काय?

एक शब्दाचा प्रश्नही येथेच उलगडून ठेवणे बरे. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक पाठात जो शब्द येतो त्यात पारखून पाहणे आणि भुलविणे हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत हा शब्द दुभंगला. प्रॉटेस्टंट बांधवांच्या प्रभुप्रार्थनेत 'परीक्षा' आली, आपल्या प्रार्थनेत 'मोह' आला. 'परीक्षा' म्हटले की आपल्यापुढे शाळेचा वर्ग उभा राहतो आणि देव कठोर मास्तर वाटू लागतो. 'मोह' म्हटले की षड्रिपू आठवतात. काम, क्रोध, लोभ यांच्या पंक्तीतला हा शब्द, त्यामुळे मोह म्हणजे देहाची ओढ एवढाच अर्थ मनात रुजतो, आणि मानाचा, जातीचा, सुरक्षिततेचा मोह आपल्या हिशेबातून सुटतो. प्रभुप्रार्थनेतील याच मागणीच्या भाषांतराविषयी पोप फ्रान्सिस २०१७ च्या डिसेंबरात बोलले होते. माणसाला मोहात ढकलणारा देव नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच सुमारास फ्रान्समध्ये या मागणीचे शब्द बदलले गेले आणि २०२० साली इटालियन उपासनेतही बदलले. आपल्या मराठी कॅथलिक प्रार्थनेतील क्रियापद 'पडू न देण्या'चे आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु प्रार्थनेतील शब्द नेमका असूनही आपल्या कथांतील मोह मात्र उथळ राहिला.

आता या कसोट्यांवर आपले काही जुने ग्रंथ पाहू.

मराठीत मोहाच्या कथेचे पहिले मोठे गद्य रूप आले ते भाषांतराने. जॉन बन्यनचा 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हा इंग्रजी रूपकग्रंथ १६७८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर 'यात्रिकक्रमण' या नावाने हरि केशवजी यांनी १८४१ साली केले. बन्यन आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हे. तरी कॅथलिक वाचकाने या ग्रंथाकडे पाठ फिरवावी असे आम्हांला वाटत नाही. त्यातील व्यर्थतेच्या बाजाराचे चित्र अजोड आहे. त्या बाजारात घरे, जमिनी, पदव्या, मानमरातब आणि नातीगोतीसुद्धा विकावयास मांडलेली आहेत. बन्यनची मोठी गोष्ट अशी की स्वर्गीय नगराकडे जाणारा रस्ता तो या बाजारातूनच नेतो. बाजार टाळून जाण्याची सोय यात्रिकाला नाही. आपल्या नाटिकांतील 'कुसंगत टाळा' या उपदेशापेक्षा हे चित्र कितीतरी प्रामाणिक आहे.

परंतु रूपकाची एक मर्यादा असते. या ग्रंथात प्रत्येक पात्राच्या कपाळावर त्याचे नाव लिहिलेले आहे. निराशा राक्षसाच्या रूपाने येते, जगाचे शहाणपण गृहस्थाच्या रूपाने येते, आणि नाव वाचताच वाचक सावध होतो. प्रत्यक्ष आयुष्यात कोणी अशी पाटी लावून येत नाही. आणखी एक गोष्ट. यात्रिक घर सोडतो तेव्हा पत्नी आणि मुले मागे राहतात. वाटेत त्याला विश्वासू सोबती भेटतात हे खरे, पण घरची माणसे मात्र त्याच्या यात्रेत नाहीत. बन्यनलाही ही उणीव जाणवली असावी; १६८४ साली त्याने दुसरा भाग लिहिला आणि त्यात त्या पत्नीला मुलांसह त्याच वाटेने आणले. मागे राहिलेल्या पत्नीची बाजू काय, हा प्रश्न मनात ठेवून आपण पुढे जाऊ.

'यात्रिकक्रमणा'च्या सव्वादोनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली तेथेच वारला. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र. या ग्रंथाची भाषा, त्यातील मराठीची थोरवी, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची रचना महत्त्वाची वाटते. धर्मगुरू सांगतो आहे, समोर नवख्रिस्ती लोक बसले आहेत, मध्येच कोणी शंका विचारतो आणि गुरू उत्तर देतो. हे पुराण एकट्याने मनात वाचण्यासाठी लिहिलेले नाही. ते मेळ्यात ऐकावयाचे, गावयाचे. गोव्यात तसेच मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांतही त्याचे गायन होत असे. मोहाची कथा ऐकणारा माणूस शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसला आहे आणि त्याला शंका विचारण्याची मुभा आहे, ही गोष्ट आमच्या दुसऱ्या कसोटीला पूर्णपणे उतरते. आजच्या आमच्या बोधकथांत शंका विचारणारे पात्र शोधूनही सापडत नाही.

स्टीफन्स हे संत इग्नाती लोयोला यांच्या अध्यात्मसाधनेत वाढलेले होते. इग्नातींच्या नियमांत मोहाविषयी दोन निरीक्षणे आहेत, जी कोणत्याही कथालेखकाने पाठ करून ठेवावीत. धार्मिक वृत्तीच्या माणसाला मोह बहुधा चांगल्या गोष्टीच्या वेषात येतो, हे एक. दुसरे असे की सैतान लबाड प्रियकरासारखा गुप्ततेची अपेक्षा करतो; मोहात सापडलेल्या माणसाने आपल्या पापनिवेदकाला किंवा एखाद्या जाणत्या माणसाला सगळे उघड सांगितले की त्याचा डाव तेथेच फसतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या चळवळीच्या बारा पायऱ्यांतही आपली चूक दुसऱ्या माणसापाशी कबूल करण्याची पायरी आहे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय.

'ख्रिस्तपुराणा'विषयी एक नापसंतीही नोंदविली पाहिजे. गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत सैतानाला 'देवचार' म्हणतात आणि हा शब्द या पुराणातही येतो. देवचार म्हणजे मुळात गावाची राखण करणारी शक्ती, असा तेथील लोकांचा समज. शेजाऱ्याचा राखणदार आपल्या भाषेत सैतान झाला. त्या काळाची ती रीत होती आणि त्या काळाला आजचा गज लावणे योग्य नव्हे. परंतु त्यातून एक सवय पडली, मोहाचा पत्ता दुसऱ्याच्या अंगणात शोधण्याची. शुभवर्तमानात तर परीक्षक मंदिराच्या शिखरावर उभा आहे आणि त्याच्या ओठांवर आपलेच स्तोत्र आहे.

मोह आपल्याच सोवळ्यात कसा बसलेला असतो हे मराठीत सर्वांत खरेपणाने कोणी दाखविले असेल तर ते लक्ष्मीबाई टिळकांनी. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. हे आत्मचरित्र मोहावरचा ग्रंथ म्हणून कोणी वाचीत नाही. आम्ही मात्र ते तसे वाचावे अशी शिफारस करतो.

कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक आहे. १८९३ साली आगगाडीत एका परक्या गृहस्थाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. बन्यनने यात्रिकाच्या पत्नीला जेथे सोडले होते, अगदी त्याच जागी मराठीतील ही पत्नी उभी राहते. फरक एवढाच की ती आपली हकिकत स्वतः सांगते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. त्यांच्या दृष्टीने हा हट्ट नव्हता, तो धर्म होता. बालपणापासून मनावर कोरलेली शुद्धता त्यांनी जिवापाड जपली होती आणि नवरा गेल्यावर तेवढेच त्यांच्या हाती उरले होते.

येथे इग्नातींचे निरीक्षण आठवावे. जन्माच्या श्रेष्ठतेचा मोह वाईट रूपात आला असता तर लक्ष्मीबाईंसारख्या बुद्धिमान बाईने त्याला केव्हाच हाकलून लावले असते. तो शुद्धतेच्या रूपात आला. त्यातून त्यांची सुटका झाली ती एखाद्या प्रवचनाने झाली नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे विचार करता करता त्यांच्या मनाला पटले, आणि एकदा पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे घ्यावयास सुरुवात केली. हे बाप्तिस्म्यापूर्वीच घडले. नंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सारी हकिकत त्या स्वतःला हसत हसत सांगतात, मागे टाकलेल्या घराविषयी कडवटपणा न ठेवता. टिळकांचा संतापी स्वभाव, त्यांचे विसराळूपण, त्यांच्या दातृत्वामुळे घरात होणारी ओढाताण, हेही त्या लपवीत नाहीत. बाप्तिस्म्याने माणूस एका रात्रीत देवदूत होतो असे या पुस्तकात कोठेही सूचित केलेले नाही. तिन्ही कसोट्यांना हे पुस्तक उतरते. सोवळ्याचे मोल त्यात मान्य केले आहे, सोबतीचे बळ दाखविले आहे, आणि शेवट सोपा केलेला नाही.

परीक्षकाची बाजू किती सामर्थ्याने मांडता येते याचे उदाहरण पाहावयाचे तर रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीच्या 'कारामाझोव बंधू' (१८८०) या कादंबरीकडे जावे लागते. तेथे एक वृद्ध धर्मन्यायाधीश कैदेतील ख्रिस्तालाच जाब विचारतो की अरण्यात तू भाकरी का नाकारलीस, भुकेल्या माणसांना स्वातंत्र्य घेऊन काय करावयाचे आहे? त्याचा युक्तिवाद इतका बळकट आहे की श्रद्धावान वाचक हादरतो. ख्रिस्त प्रतिवाद करीत नाही. तो त्या म्हाताऱ्याचे चुंबन घेतो. मोहाला बोलू दिले तर श्रद्धा कमकुवत होईल ही आमच्या लेखकांची भीती किती निराधार आहे, हे यावरून दिसेल.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आम्ही हे लिहीत आहोत ते वारंगा फाटा येथून. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील या फाट्यावर अकोल्याहून नांदेडकडे जाणारा आणि नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा असे दोन महामार्ग एकमेकांना मिळतात. फाट्यावर उतरलेल्या नवख्या माणसाला कोणताच रस्ता वाईट दिसत नाही. सगळेच रस्ते पक्के, सगळ्यांवर गाड्या. आपल्याला कोठे जावयाचे आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच चुकीच्या गाडीत बसल्याचे कळते. मोहाचे असेच आहे.

या भागातील मोहाच्या कथा कोणत्या? एक उचलीची. मराठवाड्यातील किती तरी जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या भाषेत नवराबायको मिळून एक कोयता. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. वर्षातून एकदाच एवढी रक्कम एकदम हाती येते. तिच्यातून जुने देणे फिटते, लेकीचे लग्न होते, म्हाताऱ्याचे औषध येते, आणि बाटलीही येते. दिवसभर मोळ्या वाहून मोडलेल्या अंगाला ती बाटली विसावा वाटते. आमच्या नाटिकेतील दारुडा आळशी असतो. फडातील हा माणूस आळशी नाही, तो थकलेला आहे. त्याच्या थकव्याला जी कथा नाव देणार नाही तिचे तो का ऐकेल? आमच्या शेजारीच, नामदेव महाराजांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नरसीच्या परिसरात, माळ घातलेला वारकरी शेतकरी दारूपासून दूर राहताना आम्ही पाहतो. त्याच्या माळेमागे दिंडी आहे, भजनी मंडळ आहे, रोज भेटणारी माणसे आहेत. आमच्या श्रद्धावंतांच्या जपमाळेमागे असे कोण उभे असते, हा प्रश्न कथाकाराने विचारावयास हवा.

दुसरी कथा अधिक अवघड आहे, आणि तिच्याविषयी आमच्या नियतकालिकांत जवळजवळ मौन आहे. शाळेच्या किंवा नोकरीच्या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना तो नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली होती, आणि २०२२ साली केंद्र शासनाने या प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. कायद्याचा वाद न्यायालयात आणि संसदेत चालावयाचा तसा चालेल. परंतु रकाना भरण्याची वेळ आई-बापांवर येते ती आजच, आणि मुलगा शेजारी उभा असतो.

हा मोह म्हणावा की अन्याय? आमच्या मते हा प्रथम अन्याय आहे आणि तो तसा स्पष्ट शब्दांत म्हटला पाहिजे. पण त्या कुटुंबाच्या दारी तो येतो भाकरीच्या रूपाने, अरण्यातील पहिल्या मोहासारखा. भाकरी खरी आहे, भूक खरी आहे, मुलाची हुशारी खरी आहे. ज्यांनी रकान्यात काही निराळे लिहिले त्यांच्यावर आम्ही दगड उचलणार नाही. ज्यांनी 'ख्रिस्ती' असे लिहिले त्यांच्या मुलाची हुकलेली संधी स्वर्गातील बक्षिसाच्या नावावर टाकून आम्ही मोकळेही होणार नाही. त्यांनी ते लिहिले तेव्हा त्यांच्या मनात काय होते, कोणाची आठवण होती, धर्मग्रामातील किती घरे नंतर त्या मुलाच्या फीसाठी पुढे आली, ही कथा कोणी तरी सांगावयास हवी. श्रद्धेने मोहाचा प्रतिकार करणे म्हणजे काय, हे तेथे दिसेल. एका घराने मोठी किंमत मोजावी आणि बाकीच्यांनी रविवारी त्या घराचे कौतुक करून घरी जावे, याला आम्ही प्रतिकार म्हणणार नाही.

आणि तिसरी कथा आमच्या सोवळ्याची. एका बाकावर बसणारी, एकाच पवित्र भाकरीत सहभागी होणारी कुटुंबे सोयरीक जुळविताना आजोबांची जात विचारतात. त्याला कोणी मोह म्हणत नाही; रीत म्हणतात. लक्ष्मीबाईंना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे कळले ते आमच्या अनेक घरांना अजून कळावयाचे आहे. या विषयावरची एक प्रामाणिक कथा दारूवरच्या दहा नाटिकांपेक्षा अधिक उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते.

आमच्या लेखक मित्रांना व नाटिका बसविणाऱ्या तरुणांना म्हणून आमचे सांगणे असे. मोहाला काळा चष्मा घालू नका. त्याला त्याचे सर्वांत चांगले कपडे द्या आणि त्याचे म्हणणे पुरते मांडू द्या. तुमच्या नायकाला आपल्याच बळावर जिंकवू नका. त्याच्या तोंडी आजीने शिकविलेले एखादे वचन असू द्या, आणि ज्याच्याशी तो उघड बोलू शकेल असा एक तरी माणूस त्याच्याजवळ असू द्या. प्रायश्चित्त संस्काराला शेवटच्या प्रवेशातील सजावट करू नका; पुन्हा पडलेला माणूस पुन्हा तेथे येतो आणि पुन्हा उठतो, हे दाखविण्यास संकोच करू नका. प्रभू स्वतः सर्व प्रकारे पारखला गेला आणि म्हणून आपल्या दुर्बलतेत तो आपल्याला समजून घेतो, असे इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे. आपल्या कथांनीही माणसाला निदान तेवढे समजून घ्यावे. दहा वर्षे जपमाळ म्हणणारी ती भगिनी अशी नाटिका पाहून घरी जाईल तेव्हा तिची बाटलीशी लढाई संपलेली नसेल. परंतु ही लढाई आपण एकटीच लढत नाही, आणि ती अद्याप संपली नाही म्हणजे आपण हरलो असे नव्हे, एवढे तिला कळलेले असेल.